राखणेचा बाक

मी एक जुना बाक आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कोणी बसत नाही. माझ्यावर गुडघे टेकतात. खाली गुडघ्यांसाठी एक आडवी फळी, वर कोपरे टेकायला तिरकी फळी, तिच्या माथ्यावर चार बोटे रुंदीची एक सपाट पट्टी आणि हे सगळे धरून ठेवणारे चार पाय, एवढाच माझा देह. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात, खाणीच्या जुन्या रस्त्याला लागून एक लहानसे कपेल आहे. कपेल म्हणजे लहान चर्च. तिथे आल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, मी गेली बावन्न वर्षे उभा आहे.

माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला थोडे भय वाटेल. मलाही वाटले होते.

मला सर्वणच्या भिकाजी मेस्ताने फणसाच्या लाकडातून घडवले. भिकाजी मूळचा सावंतवाडीकडचा. हात सोन्याचा, पण कपेलात त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. पाळीच्या ख्रिस्ती माणसांना एक बाक हवा होता. त्यांनी त्याला सांगितले, "मेस्ता, राखणेक एक बाक जाय." भिकाजीला राखण चांगली ठाऊक होती. काजूच्या बागेची राखण, भाताच्या मळ्याची राखण, गावाच्या शिवेवर बसलेला राखणदार. त्याने आपल्या बुद्धीने विचार केला आणि माझ्या उजव्या अंगाला काठी उभी करायला एक खोल खाच पाडली.

मला बैलगाडीतून आणले तेव्हा त्या वेळचे म्हातारे पाद्री खाचेकडे बघतच राहिले.

"मेस्ता, ही काठी कोणाला मारायला?"

"राखण म्हणालात ना, फादर? चोर आलो तर राखणो काय हात जोडून बसतलो?"

"आमचो राखणो हातच जोडता," पाद्री म्हणाले, आणि जमलेली सगळी माणसे पोट धरून हसली. भिकाजी खजील झाला. खाच बुजवून देतो म्हणाला. पाद्री म्हणाले, राहू दे. ती तशीच राहिली.

ही राखण म्हणजे काय ते सांगतो. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता पाद्री येतो. आल्तारावर साक्रार नावाचे एक लहान कुलपाचे कपाट आहे. त्यातून तो गव्हाची पातळ, पांढरी, गोल भाकर काढतो आणि सोनेरी किरणांच्या पात्रात काचेआड ठेवतो. ख्रिस्ती लोक मानतात की मिसेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आशीर्वाद झालेल्या त्या भाकरीत येशू स्वतः हजर असतो. आठवण म्हणून नव्हे, चित्र म्हणून नव्हे. स्वतः. पाच वाजता लोकांना आशीर्वाद देऊन पात्र आत जाते. मधल्या तीन तासांत काही मागितलेच पाहिजे असे नाही. बोललेच पाहिजे असेही नाही. त्याच्यासमोर राहायचे, एवढेच काम. एक नियम मात्र कडक होता. पात्र बाहेर असताना कपेल रिकामे सोडायचे नाही. म्हणून पाद्री ज्याला आराधना म्हणत, त्याला गावाने राखण असे नाव ठेवले. दारामागे कागद चिकटवलेला असे, त्यावर तास आणि नावे.

अक्षरे मला फार उशिरा आली. प्रार्थनेची पुस्तके माझ्या तिरक्या फळीवर उघडी राहत. वर्षानुवर्षे तीच पाने. होता होता एके दिवशी ती मला वाचता येऊ लागली, आणि मग दारामागचा कागदही.

ते दिवस खाणीच्या भरभराटीचे होते. दिवसभर ट्रकांची रांग, झाडांची पाने तांबडी, माणसांचे केस तांबडे. खाणीतून थेट आलेल्या माणसांच्या गुडघ्यांचे तांबडे ठसे माझ्या फळीवर उमटत आणि ते पुसताना चंद्रावती कुरकुरत असे. चंद्रावती कपेलाच्या शेजारची. तिच्या अंगणात तुळस आणि घरात गणपतीचे मखर, पण कपेलाची झाडलोट तिचीच. किरणांच्या त्या पात्राला ती सूर्यनारायण म्हणायची आणि पात्र बाहेर असेपर्यंत चप्पल घालून दाराशी यायची नाही.

मी माणसे गुडघ्यांवरून ओळखायचो. ट्रक चालवणारा मिंगेल टेकला की त्याचा उजवा गुडघा थरथरत राही, जणू त्याखाली अजून गाडीच आहे. पण सर्वांत जास्त ओळखीचे गुडघे पिएदादचे. गाव तिला पिदादमाय म्हणे.

पिदादमायचा नवरा रुझार खाणीत मशीन चालवायचा. आमच्या गावाचे नावच पाळी, आणि गाव जगायचे तेही पाळीवर. सकाळची पाळी दुपारी तीनला सुटायची. पण बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचे नाही, असा कायदा. एका पावसाळ्यात रुझारची बदली आलीच नाही. तो तसाच मशीनवर बसून राहिला, आणि तिन्हीसांजेला वरची भिजलेली दरड खाली आली.

पुढच्या गुरुवारी पिदादमाय काळे नेसून आली आणि पाद्रीला म्हणाली, "तीन ते चार म्हजें नाव घाल." तेव्हापासून तो तास तिचा. तिची मुलगी आवेलिन तेव्हा वीस वर्षांची होती. वडिलांवर तिचा भारी जीव. एका गुरुवारी ती आईला न्यायला आली आणि माझ्या शेजारी उभी राहून तापलीच.

"माय, चल घरा. कितलो वेळ बसतली?"

"चार वाजूंदी."

"बाबाची बदली आयली ना म्हणून बाबा गेलो. आनी तूं हांगा येऊन ड्युटी करता?"

"तुज्या बाबाच्या बदलेक कोण आयलो ना," पिदादमाय शांतपणे म्हणाली. मग तिने पात्राकडे हनुवटी केली. "ह्याच्या बदलेक तरी कोणी येवंक जाय मगे."

"ह्याका बदली कित्याक? तो खंय वता?"

"खंयच वचना गो. म्हणून तर."

जो कुठेच जात नाही त्याला बदली! आवेलिनने आईकडे असे पाहिले, जसे आपण वेड्या माणसाकडे पाहतो. "देवान म्हज्या बाबाक बदली धाडली ना. त्याच्यामुखार हांव गुडघे टेकचें ना," ती म्हणाली आणि निघून गेली. पुढे कुवेतला गेली. तिथे म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करायची नोकरी धरली. दोन वर्षांनी एकदा यायची. गुरुवारी घराबाहेर पडायची नाही.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक उभ्याउभ्या गंजले. आमच्या मागचा खाणीचा खड्डा पावसाने भरून तळ्यासारखा झाला, हिरवा, निश्चल, तळ नसलेला. ख्रिस्ती माणसांची अकरा घरे होती, त्यांतली चार उरली. पिदादमाय म्हातारी झाली. डावा गुडघा सुजला. ती काठी टेकत यायची, काठी माझ्या खाचेत उभी करायची, आणि एकदा मला थोपटून म्हणाली, "भिकाजी मेस्ताक कळिल्लें रे, हांव म्हातारी जातली तें."

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी ती गेली. आवेलिनला रजा मिळाली नाही. चंद्रावतीने कपेलात फोन हातात उंच धरून तिला आईचे शेवटचे दर्शन घडवले. फोनमधून रडणे येत होते, आणि चंद्रावतीचा धरलेला हात दुखून खाली येत होता.

दोन दिवसांनी गुरुवार आला. मिंगेलचा तास दोन ते तीन. पाद्रीने त्याला सांगितले, नवे कोणी मिळेपर्यंत तूच चारपर्यंत बस. मिंगेल हो म्हणाला. पण मिंगेलला साखरेचा आजार. तीन वाजले की त्याला चहा आणि उंडा पाव पोटात लागतो, नाहीतर डोळ्यांपुढे काजवे. तो हळूच उठला, पात्राला नमस्कार करून, "आत्तां येतां हां," असे कुजबुजून गेला. घरी जाऊन खुर्चीत टेकला आणि झोपी गेला.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा, पात्र बाहेर असताना, एकटा राहिलो.

भर दुपार होती. वारा पडला होता. मागच्या खड्ड्याचे पाणी हलत नव्हते आणि कावळेसुद्धा गप्प होते. आल्तारावरच्या दिव्याची ज्योत काडीसारखी सरळ. तेवढ्यात माझा सांधा कुरकुरला. माझा डावा सांधा भार पडल्याशिवाय कधी वाजत नाही. मी घाबरून गुडघ्यांच्या फळीकडे लक्ष दिले. तिथे काही नव्हते. भार होता तो वर, माथ्याच्या सपाट पट्टीवर. दोन कोपरे. आणि ते आल्ताराच्या बाजूने टेकले होते.

बावन्न वर्षांत त्या बाजूने मला कोणी टेकले नव्हते. माझ्यावर येणारा माणूस दाराकडे पाठ करतो आणि आल्ताराकडे तोंड. हे जे कोणी होते, त्याची पाठ आल्ताराला आणि तोंड दाराकडे. पट्टी हळूहळू गरम झाली, जशी माणसाच्या अंगाने होते. श्वास नाही, सावली नाही, शब्द नाही. दारात कोणी दिसते का म्हणून थोडा पुढे झुकलेला, तसा तो भार होता. चार वाजता, आपल्या तासाला, म्हातारी इनासिन चपला फरफटवत आली. तिची चाहूल अंगणात लागली मात्र, भार उठला. पट्टी मात्र बराच वेळ कोमट होती.

मी लाकूड आहे. मी कोणाला सांगणार?

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

जूनमध्ये जुन्या पाद्रींची बदली झाली आणि सासष्टीकडचे एक तरुण पाद्री आले. त्यांनी दारामागचा कागद वाचला. पिदादमायचे नाव खोडायचे कोणाच्या मनातच आले नव्हते.

"तीन ते चार पिएदाद. येता मगे ती?"

मिंगेलने इकडेतिकडे पाहिले. त्याने ऐकले होते की जिथे माणसे पुरत नाहीत तिथली राखण बंद करून नवे पाद्री ती शहरातल्या मोठ्या चर्चात नेणार आहेत. राखण गेली की पाद्री गुरुवारी येणार नाही. मग हळूहळू कपेलालाच कुलूप. "येता, फादर," तो म्हणाला. "एक गुरुवार चुकना."

ज्या दिवशी तो हे बोलला, त्या दिवशी तो स्वतः तीन वाजून पाच मिनिटांनी चहाला गेला.

पाऊस सरला. थोडे ट्रक पुन्हा धावू लागले आणि थोडी धूळही आली. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी चार वाजायच्या सुमारास चंद्रावती फडके घेऊन आत आली. माझ्या माथ्यावर तांबड्या धुळीचा पातळ थर होता. त्या थरात दोन स्वच्छ गोल होते. कोपरांचे. तिने फडके खाली टाकले आणि अनवाणी धावत मिंगेलला घेऊन आली.

"मिंगेलबाब, हें पळय."

मिंगेलने पाहिले आणि छातीवर क्रूस केला. "पिदाद," तो म्हणाला.

"तरी मी म्हणतंय, दोपारी आत कुरकुर कसली वाजता ती! तिची बदली आयली नाय, मिंगेलबाब. घोवासारखी तीपण अडकली."

"आनी हांवें फादराक सांगलां, ती येता म्हणून." मिंगेल दारामागच्या कागदाकडे वळला. "हांवेंच तिका बांदून घातली."

खाणीत जन्म गेलेल्या माणसांना हेच सुचणार. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. गावभर झाले की पिदादमाय मेल्यावरही ड्युटीवर आहे. मी ओरडून सांगितले असते, ही पिदादमाय नव्हे. तिचे कोपरे मला पाठ आहेत, ती या बाजूने टेकायची. पण लाकडाचे ओरडणे म्हणजे फक्त कुरकुर, आणि तिलाच तर ही माणसे भ्याली होती.

डिसेंबरात आवेलिन आली. बंद घर विकायचे, एवढ्यासाठी. चंद्रावतीने तिला दोन दिवस सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी राहवले नाही. तो गुरुवार होता. दोन वाजायला आले होते, पाद्री साक्राराची किल्ली शोधत होते आणि सवयीने मिंगेलला विचारत होते, "पिएदाद आज येतली मगे?"

"येतली, फादर."

"कोण येतली?" दारातून आवाज आला. आवेलिन उभी होती, केसांत पांढरे, डोळे लाल. तिच्यामागे पदराचे टोक तोंडात धरून चंद्रावती. "पिएदाद म्हजी माय. तिका मरून नऊ म्हयने जाले."

पाद्रींचा हात किल्लीवरच थांबला. "मिंगेल?"

"फट मारली, फादर," मिंगेलने खाली बघत खोटे कबूल केले. "पूण ती फट ऱ्हावली ना. ती खरीच येता."

"येता, फादर," चंद्रावती पुढे झाली. "देवाशपथ. कोपरांच्यो खुणो मी माज्या डोळ्यांनी पळयल्यो. रुझारबाबाची बदली आयली नाय, तशी तिचीपण नाय."

पाद्रींनी किल्ली खाली ठेवली. ते रागावतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "चंद्रावतीबाय, मेलेल्या माणसाला देव ड्युटीवर ठेवत नाही. तो मुकादम नव्हे." मग मिंगेलकडे वळून, "पण तू मला फसवलेस. हे पात्र इतके महिने एकटे राहिले. तीन ते चार माणूस नसेल तर आजचा शेवटचा गुरुवार. पुढच्या आठवड्यापासून राखण शहरात."

चार घरांतल्या कोणालाही तो तास जमणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"आज हांव बसतां," आवेलिन म्हणाली.

"तूं?" मिंगेल चकित झाला.

"राखणेक न्हय, अंकल. म्हजी माय उठूंक जाय म्हणून. खाणीन म्हजो बाबा व्हेलो. माय तरी घरा वचूंदी."

आईला घरी जाऊ द्यायचे, एवढेच तिच्या मनात होते. तीन वाजता मिंगेल उठला. चंद्रावती उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून बसली. तिला पळून जायचे होते, पण आवेलिनला एकटी टाकून तिचा पाय निघेना.

आणि आवेलिन आत येण्याआधीच माझा डावा सांधा वाजला. भार आला.

मला वाटले, पावले ऐकून तो नेहमीप्रमाणे उठेल. आवेलिन दारातून आली. मधल्या वाटेने चालत आली. माझ्यापर्यंत आली. भार उठला नाही. नऊ महिन्यांत असे पहिल्यांदा झाले.

ती गुडघ्यांवर आली. सव्वीस वर्षांत न टेकलेले ते गुडघे फळीवर आपटलेच. तिने डोळे मिटून घेतले आणि शेजारी कोणी बसले असावे तसे हळूच म्हटले, "माय, बदली आयली. ऊठ. घरा वच."

काही झाले नाही. दिव्याची ज्योत सरळ. खड्ड्यावरून ओलसर वास आला आणि गेला. आवेलिनने कोपरे तिरक्या फळीवर ठेवले. समोर, एका वितीच्या अंतरावर, ते दुसरे दोन कोपरे होते. तिला ते दिसत नव्हते. मला दोन्हींचा भार होता.

धूळ दिसली म्हणून तिने सवयीने हात पुढे करून माथ्याची पट्टी पुसायला घेतली. विस्तव लागावा तसा तो मागे घेतला.

"मावशे!"

"काय गो?"

"हांगा आत्तां कोण बसल्लें?"

"कोण नाय गो! मिंगेलबाब सोडून कोण नाय. तो तर कधीच गेलो."

आवेलिन वाकली. पट्टीवर तिने पुन्हा तळहात ठेवला, या वेळी जपून. मग धुळीत उमटलेल्या खुणा पाहिल्या. आयुष्य तिने खाटांच्या कडेला काढले होते. खाटेच्या पलीकडून जो कठड्याला टेकतो तो कोणाकडे बघत असतो, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तिची बोटे त्या गोलांवरून फिरली आणि थांबली.

"माय न्हय ही," ती स्वतःशी पुटपुटली, बोट आधी आपल्या बाजूला, मग आल्ताराच्या बाजूला दाखवत. "माय हांगच्यान टेंकताली. हें थंयच्यान."

मग तिने मान वर केली. सोनेरी किरणांच्या मधोमध ती पांढरी चकती होती, आणि तिच्याकडे ती किती वेळ पाहत राहिली ते मला सांगता येणार नाही.

"तूं?" ती म्हणाली.

बाहेर चंद्रावतीच्या बांगड्या वाजल्या. ती उठून उभी राहिली होती, पण आत आली नाही.

आवेलिन ओरडली नाही. तिला राग आला. खरा, जुना, सव्वीस वर्षांचा राग. "म्हज्या बाबाची बदली कित्याक धाडली ना?" तिने विचारले. उत्तर आले नाही. तिने पुन्हा विचारले, मोठ्याने. कपेलाच्या भिंतींनी तिचाच आवाज तिला परत दिला. तिसऱ्यांदा विचारताना तिला रडू फुटले आणि शब्द अर्धेच राहिले.

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. उत्तर आलेच नाही. आकाशवाणी झाली नाही, ज्योत हलली नाही. पण ती देवाला इतके टोचून बोलली तरी समोरचा भार एक तसूभरही मागे सरला नाही. उलट जसा आपण रडणाऱ्याकडे झुकतो तसा तो थोडा जड झाला. हळूहळू तिचे कपाळ खाली आले आणि पट्टीला टेकले, त्या दोन कोपरांच्या मध्ये.

चार वाजता इनासिनच्या चपला वाजल्या. आवेलिन उठली नाही. इनासिन मागच्या बाकावर बसली. पाच वाजता पाद्री आले, तेव्हाही आवेलिन तिथेच होती. आशीर्वाद झाला, पात्र आत गेले, कुलूप लागले.

मग ती उठली. दारामागच्या कागदावर तिने आईचे नाव एका रेघेने खोडले.

"माय हांगा ना, फादर," ती म्हणाली. "ती केन्नाच घरा पावल्या. चंद्रावती मावशे, तुवेंय भियेवंक नाका."

"मग खुणा?" पाद्रींनी विचारले.

"म्हजी वाट पळयतालो," साक्राराकडे बघत एवढेच ती म्हणाली. खोडलेल्या नावाखाली तिने आपले नाव लिहिले.

पाद्रींनी त्यानंतर खुणांचे नाव काढले नाही. राखण शहरात गेली नाही. घर विकले गेले नाही. आवेलिन आता मयेला एका म्हाताऱ्या गृहस्थांची सेवा करते आणि नोकरी धरतानाच तिने सांगून टाकले की गुरुवारी दुपारची सुट्टी हवी. तिचे गुडघे आता मला पाठ झाले आहेत. अजूनही कधीकधी ती भांडते. दुसऱ्या बाजूचा भार मात्र मला तिच्या तासाला पुन्हा जाणवला नाही. किंवा ती आणि तो इतके समोरासमोर असतात की मला वेगळे कळत नसावे.

बावन्न वर्षे मला वाटत होते की माणसे इथे येऊन देवाची राखण करतात. भिकाजी मेस्ताला तसे वाटले, मिंगेलला तसे वाटले. कोण कोणाला राखत होते, ते मला त्या नऊ महिन्यांत कळले.

आता मी थकलो आहे. माझ्या मागच्या पायाला वाळवी लागली आहे. कोणी औषध लावले तर उपकार होतील. माझ्यासारखे बाक तुमच्या गावातही असतील, कोपऱ्यात, जुन्या सामानाखाली. त्यांच्यावर बादल्या आणि खराटे ठेवू नका. पण मित्रांनो, माझे खरे मागणे वेगळे आहे.

पावसाळ्यात मिंगेलच्या पायाचे ऑपरेशन झाले आणि लेकीने त्याला म्हापशाला नेले. तेव्हापासून दोन ते तीन कोणी नाही. म्हणून पाद्री आता पात्र तीन वाजताच बाहेर काढतात. नियम मोडू नये म्हणून. त्या तासात कपेलाचे दार नुसते लोटलेले असते, भाकर साक्रारात कुलपाआड असते, कपेलात मी आणि आल्तारावरचा तांबडा दिवा.

गेल्या गुरुवारी दोन वाजता माझा डावा सांधा वाजला. पट्टी कोमट झाली.

दारामागच्या कागदावर दोन ते तीन ही ओळ कोरी आहे. या कोणीतरी.